गुरुवारचा चौकोन

मी वॉर्डातला फळा बोलतोय. पांढरा होतो, आता जरा पिवळट पडलोय, डाव्या कोपऱ्यात एक पोचा आहे. मला बोलायची सवय नाही. आजवर माझ्यावर दुसऱ्यांनीच लिहिलं. म्हणून आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे, ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ होतो आणि शब्द अगदीच साधे आहेत. मी शाळा लवकर सोडली. खरं सांगायचं तर मला काढलं. चौथीच्या वर्गात होतो, पाचवी काही पाहिली नाही.

दोष जन्माचा होता. कारखान्यात माझ्यावर गुळगुळीत थर चढवणारा कारागीर त्या दिवशी सलग दुसरी पाळी करत होता. डोळे चोळत चोळत त्यानं शेवटचा हात फिरवला, निदान फिरवला असं त्याला वाटलं. तेव्हापासून माझ्यावरचं अक्षर वरवर पुसलं जातं, पण आत कुठेतरी पुसट राहतं. शाळेत कालच्या गणिताची उत्तरं आजच्या गणिताखाली दिसायची आणि पोरं बिनधास्त तीच उतरवून घ्यायची. एकदा सबंध वर्गाचं एकच उत्तर आलं आणि तेही चुकीचं. बाईंनी कपाळाला हात लावला. पुढच्याच आठवड्यात माझी रवानगी दवाखान्यात झाली.

इथे मला सिस्टरांच्या टेबलामागे टांगलं. समोर अठरा खाटांचा वॉर्ड. माझे दोन भाग केले. डावीकडे खाटांचे नंबर आणि त्यावर कोण आहे ते. उजवीकडे सिस्टरांची नावं आणि प्रत्येकीपुढे आठवड्याचे सात चौकोन. चौकोनात ‘स’ म्हणजे सकाळ, ‘दु’ म्हणजे दुपार, ‘रा’ म्हणजे रात्र आणि ‘सु’ म्हणजे सुट्टी. गणितापेक्षा हे सोपं असेल असं मला वाटलं होतं. नावांसाठी दहा ओळी आखल्या होत्या आणि नावं सहाच होती. उरलेल्या चार ओळी कधी भरल्याच नाहीत.

आमच्या वॉर्डाची एक रीत आहे. ज्याला एखादं औषध चालत नाही, दिलं तर जिवावर बेतू शकतं, त्याच्या खाटेच्या नंबराभोवती लाल गोल काढायचा आणि शेजारी त्या औषधाचं नाव लिहायचं. येताजाता नजर पडली पाहिजे म्हणून लाल.

मला रोज पुसायचं काम मावशीचं. पंधरा वर्षं ती या वॉर्डात झाडलोट करतेय. तिला लिहितावाचता येत नाही, पण माझे डाग तिला तोंडपाठ आहेत.

“मेला माझ्या नवऱ्यासारखा आहे हा,” ती फडकं पिळता पिळता म्हणायची. “वरून चकाचक, आत सगळं धरून ठेवलेलं.”

मी लाजायचो. अजूनही लाजतो.

त्या सहा नावांतलं तिसरं नाव होताईचं. माझ्यावर तिचं खरं नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. सगळे तिला होताईच म्हणतात, कारण तिच्या तोंडून दुसरा शब्द निघत नाही.

“होताई, दहा नंबरचं सलाईन संपत आलंय.”

“हो, बघते.”

“होताई, उद्या माझी दुपार करशील? सासूबाईंचे डोळे दाखवायचेत.”

“हो, जा तू.”

“होताई, तू माणूस आहेस की यंत्र?”

“हो,” ती म्हणायची आणि मग तिलाच हसू फुटायचं.

माझ्या खालच्या कोपऱ्यात तिनं स्वतःहून एक चौकट आखली होती. वर लिहिलं होतं, ‘घरी’. बरा होऊन कुणी घरी गेला, की त्याचा नंबर तिथे लिहून ती बरोबरची खूण करायची. या चौकटीचा हिशेब कुणी मागत नव्हतं. खूण करताना ती जिभेचं टोक ओठांत धरायची, चौथीतली मुलं धरतात तसं. मला ती चौकट सगळ्यांत आवडायची.

मग तिची खूण करायची सवय सुटली. कशी सुटली ते मी जवळून पाहिलंय, म्हणून सांगतो.

होताईची आठवड्याची सुट्टी गुरुवारी. दर शनिवारी आमच्या इन्चार्ज सिस्टर, म्हणजे वॉर्डाच्या मुख्य, नवा आठवडा लिहायच्या आणि तिच्या गुरुवारच्या चौकोनात ‘सु’ घालायच्या. बुधवारी कुणीतरी आजारी पडायची किंवा कुणाला दुसऱ्या वॉर्डात ओढून न्यायचे. मग इन्चार्ज एका कानाला फोन लावून, दुसऱ्या हातात फडकं घेऊन माझ्यासमोर उभ्या राहायच्या. नजर सहा नावांवरून फिरायची आणि तिसऱ्या नावावर येऊन थांबायची.

“फक्त या आठवड्याला, ग. पुढच्या गुरुवारी तुझ्या सुट्टीला कुणी हात लावणार नाही.”

“हो.”

फडकं फिरायचं. ‘सु’ जायचं, ‘स’ यायचं. कधी ‘स’ आणि ‘दु’ दोन्ही.

पहिले दोनतीन गुरुवार तिची मुलगी फोन करायची. टेबल माझ्याखालीच आहे, मला ऐकू यायचं. “आई, आज सुट्टी होती ना तुझी?” पुढे तिनं तो प्रश्न विचारायचंच सोडलं. “आई, बाबांनी विचारलंय, जेवायला तुला धरायचं की नाही?” एवढंच विचारायची. होताई म्हणायची, “नको धरू.”

आधी ती खाटेवरच्या माणसांना काका, आजी, दादा म्हणायची. आता बारा नंबर, चौदा नंबर म्हणायला लागली. डबा उभ्यानंच खायची. कधीकधी काहीतरी लिहायला म्हणून माझ्यापुढे यायची आणि मार्करचं टोपण काढून नुसती उभी राहायची. मला वाटायचं, लिही ना, काहीही लिही. ती टोपण लावून परत जायची.

सातव्या आठवड्याचा बुधवार. दुपारी टेबलावर औषधांची खोकी पसरली होती, लिहायला जागा नव्हती. तिनं एक कागद माझ्यावर टेकवला आणि उभ्यानंच लिहू लागली. कागद पातळ होता. पेनाचं टोक मला अक्षर अक्षर कळत होतं. ‘महोदया, मी माझ्या नोकरीचा राजीनामा देत आहे. कारण...’ इथे ती बराच वेळ थांबली. मग लिहिलं, ‘वैयक्तिक’. मी चौथी शिकलेला, पण मलासुद्धा कळत होतं की त्यात वैयक्तिक काही नव्हतं. कारण माझ्यावरच होतं. तिनं कागदाची घडी करून खिशात ठेवली. त्याच संध्याकाळी इन्चार्ज आल्या आणि तिच्या गुरुवारवरून फडकं फिरलं. ती “हो” म्हणाली. नवी सिस्टर शेजारी पट्ट्या मोजत होती, तिलाही तो आवाज वेगळा वाटला असावा. तिनं मान वर करून पाहिलं.

गुरुवार उजाडला.

सहा नंबरवर एक गुरुजी होते. निवृत्त झालेले, पायाला चिघळलेली जखम. अकरा दिवस त्यांच्या सहाभोवती लाल गोल होता. एक नेहमीचं इंजेक्शन त्यांना अजिबात चालत नव्हतं. गुरुजी पडल्या पडल्या मला वाचायचे. “सिस्टर, ‘तपासणी’तला ‘णी’ दीर्घ काढा हो, फळ्याला शोभत नाही.” मी मेल्याहून मेल्यासारखा व्हायचो.

त्या दिवशी सकाळपासून गुरुजींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. अंगात ताप चढला होता, हात सुजला होता. मनगटावरचा नावाचा आणि औषधाचा पट्टा रुतायला लागला म्हणून कापून काढला होता. डोळ्यांसमोर राहावेत म्हणून होताईनं त्यांना टेबलाजवळच्या नऊ नंबरवर आणलं. मग ती माझ्यापुढे आली. निळ्या मार्करनं नऊपुढे लिहिलं, ‘गुरुजी, ताप’. फडकं घेऊन सहाची सगळी ओळ पुसली. लाल गोलही पुसला. मग लाल मार्कर उचलला, टोपण काढलं.

चौदा नंबरची घंटा वाजली. तिथल्या आजी एकट्याच खाटेवरून उतरायला निघाल्या होत्या, एक पाय खाली, एक वर. होताई मार्कर खिशात टाकून धावली.

परत आली तेव्हा फोन वाजत होता. इन्चार्ज होत्या. “अग, दुपारच्यांतली एक येत नाहीये. थांबतेस ना?”

“हो.”

तिनं फोन ठेवला. माझ्याकडे वळली. नऊची ओळ भरलेली दिसत होती, सहाची रिकामी दिसत होती. सगळं जागच्या जागी आहे असं तिला वाटलं असेल. मी जीव मुठीत धरून वाट पाहत होतो. लाल मार्कर तिच्या खिशात होता. ती निघून गेली.

दोन वाजता नवी आली. सहाच महिने झालेत तिला, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारते. दोघींनी खाटा वाटून घेतल्या. एक ते नऊ नवीकडे, दहापासून पुढे होताईकडे. होताई माझ्याकडे बघून एकेक ओळ वाचत गेली. “नऊ, गुरुजी. पायाची जखम, ताप. डॉक्टरांना कळवलंय.”

“बाकी काही?”

“नाही.”

सात आठवड्यांत तिनं पहिल्यांदा ‘नाही’ म्हटलं, आणि तेही चुकीच्या जागी.

पावणेतीनला डॉक्टरांचा फोन आला. ते खालच्या मजल्यावर अडकले होते. नवीनं औषधाचं नाव लिहून घेतलं, परत वाचून दाखवलं. नाव ऐकलं आणि माझी पाचावर धारण बसली. तेच इंजेक्शन होतं.

नवीचा काही दोष नाही हं. तिनं गुरुजींचे कागद शोधले. ते एक्स-रेवाल्यांकडे राहिले होते. मनगटावरचा पट्टा शोधला. तो नव्हता. डॉक्टरांना परत फोन लावला. लागला नाही. तिनं गुरुजींनाच विचारलं, “गुरुजी, कुठल्या औषधाचा त्रास होतो का तुम्हाला?”

“सतराचा म्हण,” गुरुजी तापात पुटपुटले. “सतराचा पाढा म्हण आधी.”

त्यांचा मुलगा औषधं आणायला गेला होता. मग नवी माझ्याकडे आली. अगदी जवळ उभी राहून तिनं नऊची ओळ वाचली. स्वच्छ होती. तिनं मान हलवली आणि ट्रे भरायला घेतला.

मी ओरडत होतो, पण फळ्याला आवाज नसतो. मला फक्त दाखवता येतं, आणि माझ्याकडे जे दाखवण्यासारखं होतं ते सहाच्या ओळीत होतं. रिकाम्या खाटेची ओळ कोण वाचतं?

नवीनं सुई भरली. बुडबुडा काढला. नऊ नंबरपाशी जाऊन सलाईनची नळी हातात घेतली.

मावशी बादली घेऊन आली. तिनं सवयीनं माझ्याकडे पाहिलं. दिवसाला वीस वेळा पाहते, मी किती मळलोय ते. आणि थांबली.

“अग बाई, सहाचा गोल कुणी पुसला?”

“मावशी, सहा रिकामी आहे आता,” नवी मान न वळवता म्हणाली.

“रिकामी आहे, मला दिसतंय. पण गोल खाटेला नसतो ग पोरी, माणसाला असतो. माणूस नवावर गेला ना? मग त्याचा गोल कुठाय?”

नवीचा हात तिथेच थांबला.

“कसला गोल?”

“लाल. अकरा दिवस त्याच्या कडेकडेनं फडकं फिरवतेय मी. ये, बघ. हा हट्टी मेला सोडतोय थोडाच.”

नवी आली. तिनं मान तिरकी केली, खिडकीतला उजेड माझ्यावर पडू दिला. पांढऱ्यावर फिकट गुलाबी गोल होता. शेजारी फिकट अक्षरं. तिनं ती ओठांनी वाचली. मग हातातल्या सुईकडे पाहिलं. ती ट्रेमध्ये टाकून तिनं ट्रे टेबलावर असा ठेवला, की आतली सगळी भांडी वाजली.

“होताई!” ती ओरडली. वॉर्डात ओरडायचं नसतं.

होताई पळत आली. तिला काही सांगावं लागलं नाही. तिनं सहाची ओळ पाहिली, नऊची पाहिली, ट्रेमधली सुई पाहिली. हात आपोआप खिशात गेले. बाहेर आले तेव्हा एका हातात लाल मार्कर होता आणि दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद.

ती नऊ नंबरपाशी गेली. गुरुजींच्या कपाळाला हात लावला. नळी तपासली, एकदा, दोनदा, तीनदा. डॉक्टर फोनवर मिळेपर्यंत हलली नाही. दुसरं औषध ठरलं, ते नवीनं दिलं. मग होताई माझ्यापुढे आली आणि नऊभोवती लाल गोल काढला. इतका दाबून काढला, की तो मला जन्मभर पुरेल.

निरोप मिळून इन्चार्ज आल्या. “कुणी पुसलं?”

“मी,” होताई म्हणाली. “हेही घ्या. काल लिहून ठेवलं होतं. आज द्यायला निमित्त मिळालं.”

इन्चार्जनी कागद वाचला. “वैयक्तिक कारण?”

होताईनं लाल मार्करला टोपण लावलं.

मावशीनं बादली खाली ठेवली. “बाई, तो कागद वाचलात ना? आता हे पण वाचा. मला वाचता येत नाही, पण मोजता येतं.” तिनं ओलं बोट माझ्यावर ठेवलं, तिसऱ्या नावापुढे, गुरुवारच्या चौकोनात. वरच्या ‘स’खाली पुसट ‘सु’ होतं. त्याच्या जरा बाजूला दुसरं. त्याच्यावर तिसरं. एकाच माणसाचं एकच अक्षर, दर वेळी थोडं इकडेतिकडे.

“सात आहेत,” मावशी म्हणाली. “रोज पुसते ना मी.”

इन्चार्ज वाकून बघत राहिल्या. सातही अक्षरं त्यांच्याच हातची होती. पुसणारा हातही त्यांचाच होता. त्या वाईट नाहीत हो. त्यांच्या स्वतःच्या नावापुढचा रविवारही मला ठाऊक आहे, तो काही फारसा वेगळा नाही.

“अग, मग तू कधी नाही का म्हणाली नाहीस?”

“मला जमत नाही,” होताई म्हणाली. “तुम्हाला ते माहीत होतं. म्हणून तर फडकं दर वेळी माझ्याच नावावर थांबायचं.”

चौदा नंबरच्या आजी खोकल्या.

“चूक रजिस्टरात लिहावी लागेल,” इन्चार्ज शेवटी म्हणाल्या. “तुझी लिहू. आणि ही पण लिहू,” त्यांनी चौकोनाकडे बोट केलं, “माझी.” मग त्यांनी तो कागद एका लोहचुंबकाखाली माझ्या कोपऱ्यात अडकवला, नेमका ‘घरी’च्या चौकटीवर. “हा आज मी घेत नाही. शनिवारी ये आणि हवा तर माझ्या हातात दे, नाहीतर फाड. आता घरी जा. दुपार मी बघते. आणि उद्या यायचं नाही.”

घाईत त्यांनी खिशातलं हाताला लागलं ते पेन काढलं आणि शुक्रवारच्या चौकोनातला ‘स’ पुसून ‘सु’ लिहिलं.

होताई पिशवी घेऊन निघाली. दारात पोचली तोच सवयीनं नवी म्हणाली, “होताई, जाता जाता बाराचं सलाईन बघशील?”

होताई थांबली. तिच्या तोंडावर तो नेहमीचा शब्द आलेला मला दिसला.

“नाही ग,” ती म्हणाली. “तू बघ.”

मावशी फडक्यात तोंड लपवून हसली.

माझं आता फार दिवसांचं राहिलेलं नाही. सोमवारी माझ्या जागी एक विजेवरचा पडदा बसणार आहे. बोट लावलं की त्याच्यावरचं सगळं पुसलं जातं, मागे काही राहत नाही म्हणे. मला अडगळीच्या खोलीत ठेवतील. तक्रार नाही. पण जाताना एक विनंती आहे, थोडी संकोचानंच करतो. तुमच्याही हातात कुणाचे तरी चौकोन असतील. पुसण्याआधी खाली काय राहिलंय ते एकदा उजेडात धरून बघा. जी नेहमी हो म्हणते, तिला पुनःपुन्हा विचारू नका.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते सांगतो आणि थांबतो.

पावणेआठला फोन वाजला. एका सिस्टरच्या बाळाला ताप होता, ती येणार नव्हती. इन्चार्जनी “बरं” म्हणून फोन ठेवला. फडकं उचललं. नजर सहा नावांवरून फिरली आणि तिसऱ्यावर येऊन थांबली. सात आठवड्यांची सवय एका दुपारीत जात नाही. फडकं शुक्रवारच्या ‘सु’वर आलं आणि फिरलं.

अक्षर हललं नाही.

त्यांनी पुन्हा घासलं, जरा जोरानं. मग त्यांनी खिशातलं पेन काढून पाहिलं. रक्ताच्या बाटल्यांवर नावं घालायचं पेन होतं ते, पक्क्या शाईचं. तुम्ही म्हणाल, शाईच पक्की होती, यात तुझं काय? असेल. पण मीही ते अक्षर अंगात होती नव्हती तेवढी ताकद लावून धरलं होतं.

इन्चार्ज क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग फडकं खिळ्याला अडकवलं, सगळ्यांत वर जाऊन स्वतःच्या नावापुढे ‘स’ लिहिला, बाह्या सरसावल्या आणि नऊ नंबरकडे गेल्या.

“गुरुजी, ताप उतरला का?”

“उतरला,” गुरुजी माझ्याकडे बघत म्हणाले. “फळ्यावर ‘सुट्टी’ पूर्ण लिहीत चला हो. अर्धी का देता?”